उसनी जीभ

बोलतेय ती मी. समोर गच्चीवर, चटईवर, उन्हात ठेवलेली जुनी लेन्स. त्या काळ्या कॅमेऱ्याकडं बघू नका, तो कालचा पोर आहे, त्याला काय सांगता येणार! मी अठ्ठावन्न मिलिमीटरची. हा आकडा तेवढा ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ ह्या आकड्यावरून झाला आणि त्यात एका भल्या माणसाचा जीव अगदी टांगणीला लागला होता.

माझा जन्म पूर्व जर्मनीतल्या एका डोंगराळ गावातला. काचेचे सहा तुकडे, पितळेची दोन कडी आणि ॲल्युमिनियमचा अंगरखा, एवढीच माझी मिळकत. कारखान्यातल्या एका जाड चष्म्याच्या बाईनं मला बोटांत धरलं, खिडकीपाशी नेलं आणि माझ्यातून बाहेर पाहिलं. बाहेर बर्फ होतं. बर्फावरून उठलेला तो निळसर उजेड माझ्यातून हळूच आरपार गेला. अजूनही कधी डोळा लागला, म्हणजे झाकण लागलं, की मला तोच उजेड दिसतो.

माझ्यात एक खोड जन्मापासून आहे. मधोमध मी लख्ख बघते, पापणीचा केस न् केस मोजून देईन. पण कडेला गेलं की माझं भान सुटतं. झाडांची पानं मागं गोल गोल फिरायला लागतात, भिंती विरघळतात, लांबचे दिवे फुगून तरंगतात. कारखान्यात ह्याला दोष म्हणायचे. आताची पोरं ह्यालाच स्वप्नाळू म्हणतात आणि जीव टाकतात. पन्नाशी उलटली की दोषाचाही दागिना होतो बघा.

हरिहर नावाचे रेल्वेतले एक इंजिनिअर तिकडं प्रशिक्षणाला आले होते. त्यांनी परत जाताना आपल्या दोस्तासाठी मला घेतलं. तो दोस्त म्हणजे माणिकराव. मूळचे मिरजेचे, नोकरी लखनऊला, काम रेल्वेच्या पुलांची तपासणी. लखनऊच्या चारबाग स्टेशनच्या फलाटावर हरिहरनी पुडकं हातात दिलं आणि ह्या गृहस्थांनी तिथंच, हमालांच्या धक्क्यात, ते फोडलं. मला वाटलं आता डोळ्याला लावतील, वा म्हणतील. छे! त्यांनी आधी माझे आटे तपासले. बोटानं चाचपून म्हणाले, "आटे सुरेख आहेत." इंजिनिअर तो इंजिनिअर.

मग बावीस वर्षं मी पूलच पूल पाहिले. गोमतीवरचे, शारदेवरचे, घाघरेवरचे. पहाटेच्या धुक्यात नदी दिसायची नाही, नुसते खांब पाण्याशिवाय उभे असायचे आणि वरून एखादी मालगाडी आभाळातून गेल्यासारखी जायची. मला ते फार आवडायचं. माणिकरावांना मात्र खांबाला गेलेली चीर हवी असायची.

आता खांबाचा फोटो काढायचा तर खांब केवढा आहे ते कळायला शेजारी माणूस उभा करावा लागतो. एरवी खलाशी, म्हणजे रेल्वेचा मदतनीस गडी, पट्टी धरून उभा राही. रविवारी खलाशी कुठला? मग हे नव्या बायकोला, सुहासिनीबाईंना, घेऊन जायचे.

"अहो, हसू का जरा?" त्या विचारायच्या.

"हसलीस तरी दिसायचं नाही. खांब चाळीस फुटी आहे. ताठ उभी राहा, वाकलीस की माप चुकेल."

एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात वही. फोटो झाला की बाई वहीत लिहायच्या: पूल क्रमांक, तारीख, लेन्स अठ्ठावन्न, छिद्र आठ. बावीस वर्षं लिहिलं. घरी कुणी पाहुणे आले की माझ्याकडं बोट दाखवून म्हणायच्या, "ही ह्यांची जर्मन सवत. मला नदीकाठी उभं करतात आणि हिच्याकडं डोळे लावून बसतात." मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण मनात म्हणायचे, बाई, तुझं बोलणं काही अगदीच चुकीचं नाही.

पुढं जुन्या कॅमेऱ्याचं शटर बसलं. फिल्म मिळेनाशी झाली. माणिकराव निवृत्त झाले, लखनऊतच तेलीबागेत दोन मजली घर बांधलं आणि मी लोखंडी कपाटात गेले. डांबराच्या गोळ्या, जुन्या नकाशांची गुंडाळी आणि मी. चोवीस वर्षं! कपाटाला उजेड नसतो हो. माणसाला भूक लागते तशी मला उजेडाची लागते. तिथं मी नुसती आठवणींवर जगले. धुकं, नदी, पाण्याशिवाय उभे खांब आणि एका खांबापाशी पिवळ्या लुगड्यातली नखाएवढी बाई. माझ्या आतल्या काचेवर बुरशीची बारीक जाळी चढली, इथल्या चिकनच्या भरतकामासारखी. दिसायला सुंदर, पण मला आंधळं करणारी.

दोन वर्षांपूर्वी माणिकरावांना पेपरातली अक्षरं मधेच गायब व्हायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला ठिपका झिजत चाललाय. औषधानं थोडं थांबेल, पण गेलेलं परत यायचं नाही. कडा राहतील, मध्य जाईल. आता गंमत बघा, दैवाची म्हणा हवं तर. माझं मधलं लख्ख आणि कडा धूसर, त्यांचं नेमकं उलटं. ते कुणाकडं सरळ बघतात तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग असतो. म्हणून काही बघायचं असलं की ते मान वळवून त्याच्या जरा बाजूला बघतात. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा आपल्याशी बोलतोय की भिंतीशी?

ह्या दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, पुढच्या थंडीत चेहरे ओळखू येतील की नाही ते सांगता येत नाही. माणिकराव घरी आले, कपाट उघडलं आणि चाचपत चाचपत मला बाहेर काढलं.

"आता कुठला पूल पडला?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"तुझा फोटो काढायचाय. चेहऱ्याचा."

बाई मटार सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली," माणिकराव म्हणाले. "रविवारी काढलेल्या प्रत्येक फोटोत तू आहेस. पण एवढीशी." त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. "लग्नातले फोटो दुसऱ्यानं काढले, पासपोर्टचे दुकानदारानं. माझ्या हातचा तुझा एक चेहरा नाही गं. दिसतंय तोवर मला तो काढायचाय, आणि दिसतंय तोवर बघायचाय."

बाईंनी मटाराचं ताट उचललं आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज उगाचच जास्त येत होता. त्या क्षणी त्यांच्याबद्दलचा माझा राग गेला.

कॅमेरा नातीचा. अनन्या लहान मुलांचे, लग्नांचे फोटो काढते. पोरीला मराठी सगळं कळतं, पण बोलायला तोंड उघडलं की हिंदी येतं. ती स्कूटरवरून मला अमीनाबादच्या मागच्या गल्लीत, इश्तियाक चाचांकडं घेऊन गेली. त्यांनी मला उघडलं, बुरशी पुसली, वाळलेलं ग्रीस खरवडून नवं घातलं. पुसताना गुणगुणत होते. चोवीस वर्षांनी माझ्यातून सरळ उजेड गेला तेव्हा मला भोवळ आली म्हणा ना.

"बड़ी बी हैं ये," चाचा म्हणाले. "पुराने लोग, बोलते कम हैं। और ये नया कैमरा बग़ैर जवाब के बात ही नहीं करता।"

"तो क्या करें चाचा? आबा को फोकस दिखता नहीं है।"

"ज़बान लगा देते हैं।"

त्यांनी नखाएवढी एक चिप काढली आणि मला कॅमेऱ्यावर बसवायच्या कड्याला गोंदानं चिकटवली. त्या चिपेचं काम एवढंच की कॅमेऱ्याला माझी ओळख सांगायची: बाई अठ्ठावन्न मिलिमीटरच्या आहेत. ओळख पटली की कॅमेरा मला आपली मानतो. बटण अर्धं दाबून माझं कडं फिरवत राहायचं, आणि मधल्या खुणेखालचं स्पष्ट झालं की तो पिप करून वाजतो. शिवाय हात थोडा थरथरला तर आतल्या आत सावरूनही घेतो. किती सावरायचं, ते माझ्या आकड्यावरून ठरवतो. म्हणजे डोळ्याचं काम कानावर आलं. मला पन्नाशीनंतर वाचा फुटली, उसनी का होईना.

निघताना चाचांनी बजावलं होतं. "बिटिया, इस चिप की एक आदत है। कैमरे वाला अपर्चर सबसे छोटे छेद पर ले जाके बटन दबाया, तो ये समझती है उस्ताद सबक़ देने आए हैं। फिर अगली तस्वीरों में जो नंबर दोगी, वही रट लेगी। उसे दो पर रखना, छेड़ना मत।"

"जी चाचा, समझ गई," अनन्या म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुढं हे आजोबांना सांगायचं राहूनच गेलं.

पहिल्या दिवशी गच्चीवर मिरचीच्या कुंडीसमोर बसून माणिकरावांनी माझं कडं फिरवलं. त्यांची बोटं मी विसरले नव्हते. घाई नाही, झटका नाही. पिप! त्यांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. "सिग्नल पडला! अगं, ऐकलंस का, सिग्नल पडला!" फोटोत मिरचीचा देठ लख्ख होता आणि मागं शेजारच्या गच्चीवरचे पतंग विरघळून रंगांचे नुसते गोळे झाले होते. बाई म्हणाल्या, "मला मिरचीनंतर नंबर लागला म्हणायचा."

दोन दिवस सराव चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी धुकं फाटून कडक ऊन पडलं, आणि तिथं घात झाला.

रेल्वेत एक रीत आहे. गाडी सुटायच्या आधी गार्ड आणि ड्रायव्हर घड्याळं जुळवून घेतात. दोघांची वेळ एक झाल्याशिवाय गाडी हलत नाही. माणिकरावांच्या हाडीमांसी ती रीत भिनलेली. ऊन जास्त म्हणून त्यांनी माझ्या छिद्राचं कडं सर्वांत लहानावर, सोळावर नेलं. मग कॅमेऱ्याचं छिद्राचं चाक चाचपलं. "हे वेगळं का?" ते स्वतःशीच पुटपुटले. "गार्ड एक सांगतोय, ड्रायव्हर दुसरंच." आणि त्यांनी तेही चाक टकटक करत अगदी शेवटपर्यंत फिरवलं. बटण दाबलं. मग जुन्या सवयीनं, खांबाचे काढायचे तसे, चाक मागंपुढं करून पाण्याच्या टाकीचे आणखी तीन फोटो काढले. एक उजळ, एक बेताचा, एक काळपट.

झालं! चिपेला वाटलं, उस्ताद आले. तिनं चाकावरचे ते आकडे माझे म्हणून इमानेइतबारे पाठ केले आणि त्या क्षणापासून कॅमेऱ्याला सांगायला लागली, की बाई पाचशे मिलिमीटरच्या आहेत.

पाचशे! अहो, पाचशेची लेन्स म्हणजे हातभर लांब तोफ असते, लांबच्या लांब बघणारी. ती धरणाऱ्याचा हात सावरायला कॅमेऱ्याला आत केवढी तरी धडपड करावी लागते. आता तो माझ्यासाठीही तेवढीच धडपड करू लागला, आणि सावरता सावरता सगळंच पुसून टाकू लागला. वाजायचा अगदी वेळेवर. पिप व्हायचं, बटण दाबलं जायचं, आणि चित्र मात्र ओल्या हातानं पुसल्यासारखं यायचं. मला कळत होतं. पण सांगणार कशी? माझी जीभच खोटं बोलत होती.

दुसऱ्या दिवसापासून धुक्याचा आठवडा लागला. उजेड बेताचा. सुहासिनीबाई खालच्या ओसरीत वेताच्या खुर्चीवर बसायच्या, जांभळ्या शालीत, केस नीट विंचरून. माणिकराव दोन हातांनी कॅमेरा धरून कडं फिरवायचे. अनन्या एकदा म्हणाली, "आबा, स्टँड लगा दूँ?"

"स्टँड लावलास तर फोटो स्टँडनं काढला म्हणायचं. मला माझ्या हातचा हवाय."

पाच दिवसांत साठ-सत्तर फोटो निघाले. बाईंच्या चेहऱ्याच्या जागी एक फिकट जांभळा ढग. अनन्यानं पहिल्या दिवशी सांगितलं, "आबा, हिल गया।" दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती गप्प राहिली. संध्याकाळी ती तोच कॅमेरा स्वतःची लेन्स लावून एका बारशाला घेऊन गेली, तिथले फोटो झकास आले. मग दोष कुणाचा? आजोबांच्या हातांचा, दुसरं काय! पोरी, एकदा, एकदाच मला स्वतःच्या हातानं लावून बघायचं होतंस.

बाई मात्र रोज म्हणायच्या, "छान आलाय की!"

शुक्रवारी माणिकरावांनी फोटो काढला आणि विचारलं, "कसा आलाय?"

"छान आलाय."

"कुड्या दिसतायत?"

"दिसतायत की. मोत्यांसकट."

माणिकरावांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "कुड्या तू सोमवारीच सोनाराकडं दुरुस्तीला दिल्यास ना, सुहास?"

बाईंचा हात कानाच्या पाळीकडं गेला. कानात काही नव्हतं.

"डोळ्यांचं मी समजून घेतलं होतं," माणिकराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, म्हणून जास्त लागला. "म्हटलं, डोळे जातात तर जाऊ देत, हात आहेत. चाळीस फूट उंचीवर गर्डरवर बसून मी फोटो काढलेत, कधी हलला नाही. आता हातही गेले. आणि तू मला लहान मुलासारखं समजावतेस. बास झालं. अनन्या, ही कुणाला हवी असेल त्याला देऊन टाक, बाळा."

"पुणे में मेरा एक दोस्त है, सिद्धेश," अनन्या हळूच म्हणाली. "पुराने लेन्स जमा करता है। वो अच्छे से रखेगा।"

"त्याला दे."

मला फोमच्या खोक्यात घातलं. झाकण लागलं. मी कपाटात चोवीस वर्षं काढली होती, तेव्हा रडू आलं नाही. त्या दिवशी, रडता येत असतं तर, रडले असते. मला पुण्याला जायचं दुःख नव्हतं हो. मी त्या माणसाचे हात शेहेचाळीस वर्षं ओळखते. ते हलले नव्हते. आणि त्यांना आयुष्यभर वाटत राहणार होतं की हलले. ते मला सहन होईना.

रविवारी दुपारी अनन्या लॅपटॉपवर जुने फोटो काढून टाकत होती. तिनं हाक मारली, "आजी, इनमें से कोई रखूँ क्या? सब ब्लर हैं यार।"

बाई चष्मा लावून शेजारी बसल्या. चेहऱ्याच्या ढगाकडं त्यांना बघवेना, म्हणून बाजूची बारीक अक्षरं वाचत राहिल्या. वाचता वाचता त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"हे पाचशे काय गं?"

"फोकल लेंथ है आजी। लेन्स का नंबर।"

"मग चुकलंय."

"कैमरा खुद लिखता है आजी, गलत थोड़े न लिखेगा।"

"कॅमेऱ्याचं कौतुक मला नको सांगूस!" बाई कडाडल्या. "बावीस वर्षं नदीकाठी उभी राहून वहीत लिहिलंय मी. लेन्स अठ्ठावन्न. उन्हात लिहिलंय, तापात लिहिलंय, तुझा बाबा अनीश पोटात असताना लिहिलंय. माझ्या सवतीचं वय मला विचार. ती अठ्ठावन्नचीच आहे."

खोक्यात पडल्या पडल्या मी ते ऐकलं. आयुष्यात माझ्या बाजूनं एवढ्या ठणकावून कुणी बोललं नव्हतं. आणि बोललं कोण, तर ही बाई!

अनन्या ताडकन उठली. मला खोक्यातून काढून कॅमेऱ्यावर चढवलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखलं आणि श्वास रोखून बटण दाबलं. तिच्या त्या तरण्याताठ्या हातांतही कॅलेंडरचा ढग झाला. तिनं पुन्हा काढला. पुन्हा ढग. तिनं कपाळावर हात मारला आणि चाचांना फोन लावला. चाचा पलीकडून हसत म्हणाले, "किसी उस्ताद ने सबक़ दे दिया होगा। मैंने कहा था, बिटिया।" मग त्यांनी एकेक आकडा सांगितला, तिनं एकेक फोटो काढला, आणि चिपेचा धडा पुसून नवा पाठ झाला. अठ्ठावन्न.

अनन्या पळत माणिकरावांच्या खोलीत गेली. "आबा, गलती मेरी थी! आपका हाथ नहीं हिला था, चिप गलत बोल रही थी। मैंने आपको बताया ही नहीं था।"

माणिकराव खिडकीकडं तोंड करून रेडिओ ऐकत होते. म्हणाले, "तूही आजीसारखं बोलायला लागलीस का?"

पोरीचा चेहरा पडला. खरं सांगूनही खोटं ठरावं, ह्यासारखं वाईट काही नाही. मग बाई आत आल्या. रेडिओ बंद केला आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मी खोटं बोलले. पाच दिवस बोलले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले, आणि त्यानंच जास्त वाईट केलं. आता नाही बोलणार. उद्या सकाळी फोटो काढायचा. वाईट आला तर तोंडावर वाईट म्हणेन. कबूल?"

माणिकराव बराच वेळ त्यांच्या खांद्याच्या बाजूला बघत राहिले, म्हणजे त्यांच्याकडंच बघत राहिले.

"कबूल," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी नऊला मला गच्चीवर आणलं. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. ऊन त्यातून चाळून येत होतं, दुधात केशर पडल्यासारखं. लांबून कुठून तरी गाडीची शिट्टी आली. शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले पांढरे दुपट्टे, पाण्याच्या टाक्या, कबुतरं, सगळं माझ्या कडांवर येऊन हळूहळू फिरायला लागलं आणि मधोमध जांभळ्या शालीत सुहासिनीबाई बसल्या.

पिप. खट्.

अनन्यानं लॅपटॉप पुढं केला. बाईंनी वाकून पाहिलं. "वाईट. शालीचा काठ स्पष्ट आलाय, मी नाही."

पिप. खट्.

"वाईट. मी कुठंय? टाकी आलीय."

"टाकी छान आलीय का?" माणिकरावांनी विचारलं, आणि दोघंही हसली. आठवड्यात पहिल्यांदा हसली.

तिसऱ्या वेळी ते थांबले. डावा कोपर बरगडीला टेकवला, श्वास अर्धा सोडला, गर्डरवर बसून करायचे तसं. माझं कडं केसभर पुढं गेलं, केसभर मागं आलं. पिप वाजलं. त्यांनी लगेच बटण दाबलं नाही. "सुहास," त्यांनी हाक मारली. बाईंनी वर पाहिलं. खट्.

अनन्यानं चेहरा मोठा करून पडदाभर केला. ह्या वेळी बाईंनी लॅपटॉप उचलून माणिकरावांच्या मांडीवर ठेवला.

माणिकरावांनी पडद्याकडं पाहिलं. "छान आलीस," ते म्हणाले. "फार छान."

पण ते सरळ बघत होते. सरळ बघितलं की त्यांना मधे करडा डाग दिसतो, बाकी काही नाही. मला माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं. तीन दिवसांपूर्वी बाईंनी जे केलं तेच आता हे करत होते.

सुहासिनीबाईंनी त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि मान हळूच डावीकडं वळवली, टाकीकडं. "असं बघा," त्या म्हणाल्या. "आता सांगा."

माणिकरावांनी पडदा डोळ्यांजवळ आणला. मग त्यांचे ओठ हलले.

"अगं... तू म्हातारी झालीस की!"

"कधीच झाले," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आज दिसले."

आणि त्यांनी तोंडावर शालीचा पदर धरला. हसत होत्या की रडत होत्या, ते मलाही सांगता येणार नाही. अनन्या पाठ फिरवून कबुतरं मोजत उभी राहिली.

त्याला आता महिना झाला. पुण्याला मी गेले नाही. त्या सिद्धेशचा निरोप आला होता, बिचारा रागावला नाही म्हणे. चिपेवर चाचांनी लाल ठिपका लावून दिलाय आणि कॅमेऱ्याच्या चाकावर अनन्यानं चिकटपट्टी मारलीय, गार्ड-ड्रायव्हरनं पुन्हा घड्याळं जुळवायला नकोत म्हणून. माणिकरावांचा मधला डाग थोडा मोठा झालाय. तो फोटो बघायला आता त्यांना मान जास्त वळवावी लागते. पण सकाळचं धुकं उठायला लागलं की ते मला घेऊन इथं येतात आणि बाई खुर्ची ओढून समोर बसतात. माझ्यातून उजेड जातो, कडांवरचं जग फिरत राहतं, आणि मधे एक म्हातारी बाई नीट, स्पष्ट, मोठी दिसते.

मी फार दिवसांची सोबती नाही. काच फुटेल, नाही तर गोंद सुटेल, नाही तर पुन्हा बुरशी चढेल. तोवर ह्या घरी कुणी आलात तर दोनच गोष्टी सांभाळा. माझ्यावर धूळ दिसली तर तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते, मऊ कापडानं पुसा. आणि त्यांनी तुमचा फोटो काढून कसा आलाय म्हणून विचारलं, तर त्यांच्याकडं बघून उगाच छान म्हणू नका. वाईट आला असेल तर वाईट म्हणा. ते पुन्हा काढतील.